विमानाची धडक आणि त्यानंतरची आग: काँक्रीटच्या आणि पोलादी इमारती कशाच्या बळावर उभ्या राहतात?

गंगापूर_रोड_रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका चौदा मजली गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले, तेव्हापासून आमच्या सभांमध्ये हा विषय वारंवार निघतो. आपल्याकडे ओझरहून विमाने उडतात आणि जून २०२४ मध्ये निफाड तालुक्यात एक सुखोई शेतात पडलेही होते. त्यामुळे सभासदांच्या मनात काळजी आहे आणि ती मी अनाठायी मानत नाही.

माझा मुख्य प्रश्न असा, की १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर बॉम्बफेकी विमान आदळूनही ती इमारत उभी राहिली, आणि त्याच शहरातील जुळे मनोरे २००१ मध्ये दोन तासांच्या आत जमीनदोस्त झाले, या दोन्हींत नेमका फरक काय होता? लोखंडाचा व्यापार करणारे आमचे एक सभासद ठामपणे सांगतात, की विमानाच्या इंधनाने पोलाद वितळणे अशक्य आहे आणि म्हणून मनोरे आगीमुळे पडले हे त्यांना पटत नाही. दुसरे एक सभासद म्हणतात, की आपली इमारत काँक्रीटची आहे, तेव्हा आगीची चिंता करण्याचे कारण नाही. या दोन्ही विधानांत तथ्य किती, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

आणखी एक गोष्ट. आमच्या पार्किंगमधील एका बीमच्या तळाचे काँक्रीट निघून पडले आहे आणि दोन सळया गंजलेल्या दिसतात. तिचा या विषयाशी संबंध आहे का, तेही कळावे.

खांब_आणि_तुळई

नमस्कार. मी नाशिकमध्ये इमारतींच्या संरचनेचे आराखडे करतो. आपला प्रश्न योग्य आहे आणि तो दोन भागांत पाहावा लागतो, कारण धडक आणि आग ही दोन वेगळी संकटे आहेत आणि इमारत त्यांना वेगवेगळ्या मार्गांनी तोंड देते.

आधी धडकेचे बघू. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात बी-२५ मिचेल जातीचे विमान एम्पायर स्टेटच्या ७९व्या मजल्याच्या आसपास आदळले. विमानाचे वजन साधारण दहा टन होते आणि वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात होता. एक इंजिन इमारतीच्या आरपार जाऊन पलीकडच्या एका छतावर पडले, दुसरे लिफ्टच्या विहिरीत कोसळले, चौदा माणसे दगावली, आणि तरीही आग सुमारे चाळीस मिनिटांत आटोक्यात आली. दोनच दिवसांनी, सोमवारी, इमारतीचे बरेच मजले कामकाजासाठी पुन्हा उघडले. जुळ्या मनोऱ्यांवर आदळलेली विमाने बोइंग ७६७ जातीची होती. उत्तर मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाचे वजन सुमारे १२८ टन आणि वेग ताशी सातशे किलोमीटरच्या वर होता. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात घेऊन हिशेब मांडला तर १९४५ च्या धडकेची ऊर्जा चाळीस मेगाज्यूलच्या आसपास येते आणि २००१ ची अडीच हजार मेगाज्यूलच्या आसपास. हा फरक साठपटींचा आहे. म्हणून ‘ती टिकली, मग हे का पडले’ अशी सरळ तुलना होऊ शकत नाही.

आता जी गोष्ट बहुतेक लोक विसरतात ती सांगतो: जुळे मनोरेही धडकेने पडले नाहीत. प्रत्येक मनोऱ्याच्या बाहेरच्या चारही बाजूंना पोलादी खांबांची दाट रांग होती, दर एका मीटरवर एक, म्हणजे एका बाजूला ५९. मधल्या गाभ्यात आणखी ४७ खांब होते. उत्तर मनोऱ्याचे बाहेरचे सुमारे ३५ खांब एका क्षणात तुटले, गाभ्यातील सहा तुटले आणि काही जबर जखमी झाले, तरीही वरच्या मजल्यांचा भार भोकाच्या कडेच्या खांबांकडे आणि गाभ्याकडे वळला आणि मनोरा आणखी १०२ मिनिटे उभा राहिला. वादळी वाऱ्याचा आडवा रेटा सोसण्यासाठी जी ताकद बाहेरच्या भिंतींना दिलेली होती, तीच येथे कामी आली. एक खांब गेल्यावर त्याचा भार उचलायला शेजारी दुसरा असणे याला आम्ही पर्यायी भारमार्ग म्हणतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, कारण तो एकटा विमानालाही लागू पडतो, गॅसच्या स्फोटालाही आणि पार्किंगच्या खांबावर आदळलेल्या ट्रकलाही.

आपल्या व्यापारी सभासदांचे अर्धे विधान बरोबर आहे. पोलाद सुमारे पंधराशे अंशांना वितळते आणि इमारतीतील आग साधारणतः हजार अंशांच्या आसपास थांबते, त्यामुळे खांब वितळले असे कोणत्याही जबाबदार तपासात म्हटलेले नाही. परंतु इमारत पडायला पोलाद वितळावे लागत नाही. चारशे अंशांपर्यंत संरचनेच्या पोलादाची ताकद जवळपास टिकते. सहाशे अंशांना ती निम्म्याहून खाली येते आणि आठशे अंशांना जेमतेम दहावा हिस्सा उरते. त्याची ताठरता तर याहूनही लवकर कमी होऊ लागते, सहाशे अंशांना ती एक तृतीयांशाखाली गेलेली असते, आणि सडपातळ खांब वाकून निकामी होतो तो मुख्यतः ताठरता गेल्यामुळे. त्यातच पोलाद तापले की लांबते: दहा मीटरची तुळई सहाशे अंशांनी तापली तर सात-आठ सेंटिमीटर वाढते. दोन्ही टोकांना जागा नसेल तर ती एकतर स्वतः वाकते किंवा शेजारच्याला ढकलते.

मनोऱ्यांत हेच घडले. पोलादावर आगीपासून संरक्षणासाठी फवारून बसवलेला थर होता. तो विमानाच्या तुकड्यांच्या माऱ्याने उडून गेला आणि उघडे पोलाद आगीसमोर आले. विमानातील इंधन काही मिनिटांतच जळून संपले, परंतु त्याने एकाच वेळी अनेक मजल्यांवरील फर्निचर, कागद आणि गालिचे पेटवले. स्प्रिंकलरच्या नळ्याही तुटलेल्या होत्या. मजल्यांचे लांब पोलादी आधार तापून खाली झोळ देऊ लागले आणि त्यांनी बाहेरच्या खांबांना आत ओढले. पडण्याच्या पाच मिनिटे आधी, म्हणजे १० वाजून २३ मिनिटांनी, उत्तर मनोऱ्याची दक्षिण भिंत जवळपास १.४ मीटर आत ओढली गेलेली होती, आणि १० वाजून २८ मिनिटांनी ती तुटली. दक्षिण मनोऱ्याला धडक उशिरा बसूनही तो आधी, ५६ मिनिटांत पडला, कारण धडक खालच्या मजल्यांवर बसल्याने तिच्या वर जास्त मजल्यांचा भार होता, विमानाचा वेग अधिक होता आणि घाव एका कोपऱ्याकडे झुकलेला होता.

याच दिवशी सायंकाळी पडलेल्या, त्याच संकुलातील ४७ मजली सातव्या इमारतीवर तर विमान आदळलेच नव्हते. उत्तर मनोऱ्याच्या पडझडीतून तिच्यात आग लागली, ती विझवायला पाणी मिळाले नाही, आणि तापून लांबलेल्या तुळयांनी एका मुख्य तुळईला तिच्या बैठकीवरून सरकवले. तेवढ्याने एक खांब आधाराविना राहिला आणि बाकीची इमारत त्याच्या मागोमाग गेली. अभियंत्यांच्या दृष्टीने मला ही घटना दोन्ही मनोऱ्यांपेक्षा अधिक शिकवणारी वाटते.

ओझर_निवृत्त

वरील उत्तर वाचले. ओझरच्या विमान कारखान्यातून मी निवृत्त झालो आहे, म्हणून विमानाच्या बाजूने थोडे लिहितो.

विमान ही भक्कम वस्तू नाही. बहुतेक विमानांचे कवच पातळ अॅल्युमिनियमचे असते, बऱ्याच ठिकाणी त्याची जाडी एक-दोन मिलिमीटरच असते, आणि आतला बहुतांश भाग पोकळ असतो. काँक्रीटच्या जाड भिंतीवर विमान आदळले की नाकापासून शेपटीकडे ते चुरडत जाते. भिंतीवर येणारे बळ दोन गोष्टींचे मिळून बनते: चुरडताना सांगाडा जो विरोध करतो तो, आणि प्रत्येक क्षणी थांबवल्या जाणाऱ्या वस्तुमानाचा रेटा. रिएरा या संशोधकाने १९६८ मध्ये हे सूत्र मांडले आणि अणुभट्टीच्या घुमटांच्या आराखड्यांत ते आजही पायाभूत मानले जाते. या दोहोंपैकी दुसरा भागच मोठा असतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून प्रत्येक हिशेबात वेग आधी विचारावा.

विमानातील खऱ्या अर्थाने कठीण वस्तू थोड्याच असतात, त्या म्हणजे इंजिनांचे दांडे आणि चाकांचे पाय. काँक्रीट भेदून आत जातात त्या याच. म्हणून संरचनाकार दोन वेगळे प्रश्न विचारतो: पूर्ण विमानाच्या रेट्याने इमारत झुकेल किंवा मोडेल का, आणि इंजिन एखाद्या ठिकाणी भिंत फोडून आत जाईल का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असूनही दुसऱ्याचे ‘हो’ असू शकते. एम्पायर स्टेटमध्ये तसेच झाले.

१९८८ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने सुमारे १९ टनांचे फँटम जातीचे लढाऊ विमान रुळांवरून ताशी पावणेआठशे किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळवले होते. ठोकळा सात मीटर रुंद, तितकाच उंच आणि ३.६६ मीटर जाड होता. विमानाचा अक्षरशः चुरा झाला आणि ठोकळ्यावर इंजिनांच्या जागी जेमतेम सहा सेंटिमीटरचे खड्डे पडले. या प्रयोगाची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरते आणि तिच्यावरून लोक ‘काँक्रीट असले की झाले’ असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. ठोकळा मागे सरकू शकेल असा मोकळा ठेवलेला होता, कारण भिंत फुटते की नाही हे पाहण्याऐवजी तिच्यावर किती बळ येते हे मोजणे हा हेतू होता. आपल्या घरांच्या भिंती दीडशे मिलिमीटर जाड विटांच्या किंवा ब्लॉकच्या असतात. त्या इंजिनाला अडवणार नाहीत. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांभोवती काँक्रीटचे दुहेरी आवरण असते, तशी जाडी राहत्या घराला देणे कोणालाही परवडणार नाही आणि तशी अपेक्षाही नियमांत नाही.

अहमदाबादच्या विमानात उड्डाणाच्या वेळी सुमारे ५४ टन इंधन होते. ते पंखांच्या आत असते. पंख फुटले की त्याचे बारीक थेंब होऊन हवेत पसरतात आणि क्षणात पेट घेतात. आगीचे पुढे काय होते हे अग्निशमनवाल्यांनी सांगावे.

बंब_क्रमांक_एक

मी अग्निशमन सेवेत होतो, आता निवृत्त आहे. ‘काँक्रीट आहे, चिंता नाही’ या विधानाबद्दलच लिहितो, कारण ते मी अनेक सोसायट्यांमध्ये ऐकले आहे.

काँक्रीटमधून उष्णता फार सावकाश आत जाते, हा त्याचा मोठा गुण आहे. पोलादातून ती त्याच्या तीस-चाळीसपट सहज वाहते. बाहेर नऊशे अंशांची आग तासभर चालली तरी जाड खांबाच्या पोटातले तापमान बरेच खाली असते, आणि हीच काँक्रीटची खरी ढाल आहे. लंडनच्या ग्रेनफेल मनोऱ्यात २०१७ मध्ये भीषण आग लागली, ७२ जीव गेले, इमारत रात्रभर जळत राहिली, परंतु काँक्रीटचा सांगाडा उभाच राहिला. सांगाडा उभा राहणे आणि माणसे वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मात्र त्या घटनेतून प्रत्येकाने घ्यावे.

काँक्रीटचे दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे त्याच्या पोटातले पाणी. आग झपाट्याने वाढली की आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि तापलेल्या कढईत ज्वारीची लाही फुटावी तसे पृष्ठभागाचे कपचे आवाज करत उडतात. जितके काँक्रीट दाट आणि जास्त ताकदीचे, तितका हा धोका अधिक, म्हणून उंच इमारतींच्या उच्च प्रतीच्या काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे बारीक तंतू घालतात. आगीत ते वितळतात आणि वाफेला वाट मोकळी होते. दुसरा शत्रू म्हणजे उघडी पडलेली सळई. कपचा उडाला की सळई थेट ज्वाळेत येते आणि मग तिच्यात आणि उघड्या पोलादी तुळईत फरक राहत नाही.

नेदरलँडमधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या स्थापत्यशास्त्र विभागाची तेरा मजली काँक्रीटची इमारत १३ मे २००८ रोजी पेटली. सगळे वेळेवर बाहेर पडले होते, परंतु काही तासांच्या आगीनंतर तिचा एक भाग कोसळला. माद्रिदच्या ३२ मजली विंडसर मनोऱ्याची आग तर प्रत्येक बिल्डरने अभ्यासावी. फेब्रुवारी २००५ मध्ये ती २१व्या मजल्यावर लागली. वरच्या मजल्यांच्या कडेला संरक्षण नसलेले पोलादी खांब होते, ते मोडले आणि मजल्यांच्या कडा एकामागून एक खाली आल्या. १७व्या मजल्यावरील जाड काँक्रीटच्या थराने ही पडझड थोपवली आणि मधला काँक्रीटचा गाभा शेवटपर्यंत उभा राहिला. एकाच इमारतीत, एकाच रात्री, दोन्ही साहित्यांचे वर्तन शेजारी शेजारी दिसले.

आमच्या जवानांच्या दृष्टीने एक गंभीर गोष्ट अशी, की पोलादी सांगाडा पडण्याआधी फार थोडा इशारा देतो. जानेवारी २०१७ मध्ये तेहरानमधील प्लास्को इमारत कोसळली तेव्हा अग्निशमन दलाचे जवान आत होते आणि त्यांतले अनेक परत आले नाहीत. त्यामुळे कोणती इमारत किती वेळ उभी राहील याचा अंदाज हा केवळ अभियंत्यांच्या कागदावरचा विषय नाही. त्यावर शिडी चढायची की नाही हे ठरते.

आता आपल्या चौदा मजल्यांविषयी. वीजवाहिन्यांची उभी डक्ट प्रत्येक मजल्यावर स्लॅबपाशी अग्निरोधक साहित्याने बंद केलेली आहे का, हे दार उघडून बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहावे. बहुतेक ठिकाणी तेथे पंजा जाईल एवढी फट असते आणि तीत जुन्या केबलची वेटोळी आणि झाडूही सापडतात. त्या फटीतून धूर चौदा मजले चढायला काही मिनिटे पुरतात. जिन्याचे अग्निरोधक दार कुंडी लावून उघडे ठेवलेले नसावे. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत आणि जुलैत ‘बी’ फॉर्म, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो घेताना पंप प्रत्यक्ष चालवून वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब मोजून घ्यावा, नुसत्या सहीवर समाधान मानू नये.

सिन्नर_शेड

माझे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादी शेड आहे. वरचे वाचून प्रश्न पडला की माझ्या शेडमधील उघड्या तुळया आगीत किती वेळ टिकतील, आणि त्यांच्यावर काही लावणे गरजेचे आहे का?

खांब_आणि_तुळई

सिन्नरच्या मित्रांसाठी आधी थोडक्यात सांगतो. हलक्या छेदाची किंवा पातळ पत्र्याची उघडी तुळई भर आगीत पंधरा-वीस मिनिटांपलीकडे भरवशाची राहत नाही. जाड आणि भरीव छेदाची थोडी जास्त टिकते. एकमजली शेडमध्ये माणसे पटकन बाहेर पडू शकतात, म्हणून छताच्या कैच्यांना संरक्षण नसते तरी चालवून घेतले जाते. वर पोटमाळा असेल, तेथे माल किंवा माणसे असतील, तर त्याला धरणाऱ्या खांबांना आणि तुळयांना आगीत फुगणारा रंग, व्हर्मिक्युलाइट या उष्णतारोधक खनिजाचा गिलावा किंवा काँक्रीटचे वेष्टन, यांपैकी काहीतरी द्यायलाच हवे. रंग निवडला तर त्याची जाडी तुळईच्या छेदानुसार ठरते. साध्या ऑइल पेंटसारखे दोन हात मारून हे काम होत नाही.

पोलादाची बदनामी व्हावी असे मात्र मला वाटत नाही. इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे, हवाई जहाजांच्या एका जुन्या हँगरमध्ये, १९९० च्या दशकात आठ मजली पोलादी इमारत उभारून तिच्यात मुद्दाम आगी लावल्या होत्या. संरक्षण नसलेल्या काही तुळया हजार अंशांच्या जवळ तापल्या, चांगल्याच झुकल्या, पण मजला पडला नाही. त्या तुळयांवर काँक्रीटचा स्लॅब होता आणि त्यात सळयांची जाळी सलग टाकलेली होती. तुळया निकामी झाल्यावर ती जाळी ताणाखाली भार उचलू लागली. खांबांना मात्र संरक्षण होते, हे विसरू नये.

हाच सलगपणाचा गुण काँक्रीटमध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाने, दाखवला. ती १९४० च्या दशकातील काँक्रीटची इमारत आहे. २००१ मध्ये तिच्यावर बोइंग ७५७ आदळले तेव्हा तळमजल्याचे सुमारे तीस खांब पूर्ण निकामी झाले आणि आणखी वीसेक जबर जखमी झाले. एवढे होऊनही वरचे मजले लगेच आले नाहीत. साधारण वीस मिनिटांनी एक मर्यादित भाग पडला, तोवर तेथील अनेक लोक बाहेर निघू शकले. तपासणाऱ्या अभियंत्यांना त्यामागे तीन कारणे दिसली. खांब एकमेकांजवळ होते. तुळयांच्या तळाच्या सळया आधारावर न तोडता पुढच्या गाळ्यात नेलेल्या होत्या. आणि खांबांच्या उभ्या सळयांभोवती सलग वेटोळ्यांचे लोखंड होते, त्यामुळे बाहेरचे काँक्रीट गळून पडले, खांब वाकले, तरी आतला गाभा फुटला नाही.

येथे नाशिकच्या बांधकामांशी थेट संबंध येतो. आपल्याकडे विमानासाठी कोणी आराखडा करत नाही, पण नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि भूकंपासाठीच्या १३९२० क्रमांकाच्या भारतीय मानकात यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या शब्दांत सांगितल्या आहेत. खांबाच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगचे टोक १३५ अंशांत वळवून खांबाच्या आत रुतवलेले असावे आणि खांब-तुळईच्या जोडाजवळ रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटरहून जास्त नसावे. साइटवर गेल्यावर मी आधी हेच बघतो: रिंगचे टोक नुसते काटकोनात वळवले असेल, तर कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, उडाल्याबरोबर ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. हुक नीट वळवायला बारबेंडरला, म्हणजे सळया वाकवणाऱ्या कारागिराला, प्रत्येक रिंगमागे काही सेकंद जास्त लागतात, आणि ठेका किलोवर असल्यामुळे ते सेकंद वाचवले जातात. याबद्दल मी साइटवर कठोर बोलतो आणि बोलत राहीन.

गंगापूर_रोड_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. वीजवाहिन्यांची डक्ट आजच उघडून पाहिली. आठव्या मजल्यावर ती खरोखरच पूर्ण मोकळी आहे. आता पार्किंगच्या बीमविषयी विचारतो. त्या ठिकाणी पट्टी लावून पाहिली तर शेजारच्या शाबूत भागात सळईखाली काँक्रीट जेमतेम दहा मिलिमीटर दिसते. ते पुरेसे आहे का? आणि पार्किंगमधील खांब एका बाजूने नऊ इंची आहेत, ते चालतात का? दुरुस्ती करणाऱ्या एका संस्थेने इपॉक्सीचा गिलावा आणि वरून कार्बन फायबरची पट्टी सुचवली आहे.

खांब_आणि_तुळई

दहा मिलिमीटर पुरेसे नाही. काँक्रीटच्या ४५६ क्रमांकाच्या भारतीय मानकानुसार दोन तासांच्या अग्निरोधासाठी सलग (अनेक आधारांवरून पुढे जाणाऱ्या) बीमला ३० आणि साध्या आधाराच्या (फक्त दोन टोकांना टेकलेल्या) बीमला ४० मिलिमीटर कव्हर लागते; सलग स्लॅबला २५ आणि खांबाला ४०. तळाच्या सळया हेच बीमचे ताण सोसणारे लोखंड असते आणि पार्किंगमधली आग खालूनच लागते, म्हणून या तीस मिलिमीटरांवर सगळे अवलंबून आहे. हे कव्हर कमी का पडते ते मी अनेक साइटवर पाहिले आहे. स्लॅब टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी सळयांखाली कव्हर ब्लॉक ठेवलेले असतात. रात्री त्यांच्यावरून पाइप ओढले जातात, सकाळी गँग चालते, ब्लॉक कलंडतात किंवा चिरडतात, आणि काँक्रीट येते तेव्हा सळई सेंट्रिंगच्या प्लायला टेकलेली असते. नंतर गिलावा होतो आणि ते कोणाला दिसत नाही.

नऊ इंच म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर. चारही बाजूंनी आगीत सापडू शकणाऱ्या खांबाला दोन तासांसाठी किमान ३०० मिलिमीटर लागतात, तासाभरासाठी २००. वरच्या मजल्यांवर हाच खांब निम्मा भिंतीत झाकलेला असतो, तेथे दोन तासांनाही २०० मिलिमीटर चालतात. पार्किंगमध्ये मात्र तो उघडा आहे, आजूबाजूला इंधन भरलेल्या गाड्या आहेत आणि त्याच्या डोक्यावर चौदा मजले आहेत. म्हणून केवळ पार्किंगच्या उंचीत त्याला जाळी मारून व्हर्मिक्युलाइटचा किंवा तत्सम अग्निरोधक गिलावा द्यावा, असे मी सुचवेन. खर्च सोसायटीच्या आवाक्यातला असतो.

आपल्याला एक अनुकूल गोष्टही लाभलेली आहे. नाशिकच्या क्रशरवरची खडी काळ्या बेसाल्टची असते. ज्या खडीत क्वार्ट्झ भरपूर असते ती सुमारे ५७३ अंशांना एकदम फुगते आणि काँक्रीट आतून तडकवते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारसे नसते, त्यामुळे आपले काँक्रीट आगीत तुलनेने शांत राहते. याची दुसरी बाजू अशी, की आगीनंतर तपासणी करताना इतरत्र तीनशे अंशांच्या वर काँक्रीटला येणारी गुलाबी छटा अभियंत्याला खुणेसारखी उपयोगी पडते, ती बेसाल्टच्या काँक्रीटमध्ये बहुधा ठळक उमटत नाही. म्हणून आपल्याकडे आगीनंतर केवळ रंगावर विसंबू नये. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, गाभ्याचे नमुने काढावेत आणि सळईचा तुकडा कापून त्याची ताण चाचणी करावी. टीएमटी सळईची बरीचशी ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते आणि साधारण सहाशे अंशांपुढे तापलेली सळई थंड झाल्यावरही तो थर पूर्ववत होत नाही.

आता दुरुस्ती. काम सुरू करण्यापूर्वी बीमखाली टेकू द्यावेत. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत, निदान वीस मिलिमीटर मोकळे होईल इतके काढावे, गंज पूर्ण साफ करून सळईचा उरलेला व्यास व्हर्नियरने मोजावा, आणि घट जास्त असेल तर शेजारी नवी सळई जोडावी. भरण्यासाठी सिमेंटवर आधारित पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट वापरावे, आणि शक्य तेथे त्याच कामात कव्हर तीस मिलिमीटरपर्यंत वाढवून घ्यावे.

इपॉक्सीबद्दल मात्र मी सावध करतो. साधे इपॉक्सी साठ ते ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, म्हणजे आग पेटल्यावर काही मिनिटांतच. कार्बन फायबरची पट्टी स्वतः कितीही बळकट असली तरी तिला बीमला चिकटवून ठेवणारा पदार्थ तोच असतो. त्या संस्थेला लेखी विचारा, की पट्टी पूर्णपणे निघून गेली असे धरून हा बीम स्वतःचा आणि वरच्या मजल्याचा रोजचा भार दोन तास सोसेल का. उत्तर हिशेबासह ‘हो’ असेल तर पट्टी जरूर लावा आणि तिच्यावर अग्निरोधक थर द्या. हिशेब देता येत नसेल तर ते काम त्यांना देऊ नये.